तरंग सांडतात, काचा बसवा!

पत्रा गुणगुणायला लागला आणि बोळातल्या सगळ्या मुलींचे हात आपोआप जोडले गेले.

पत्रा तसा साधाच होता. तांब्याचा, परातीएवढा, पुठ्ठ्याहूनही पातळ. मुलींच्या वसतिगृहाच्या पूर्व विंगेत, तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक बोळात, छताच्या हुकाला दोन तारांनी टांगलेला. त्याला कुणाचा हात लागत नव्हता, जवळपास तार नव्हती की बटण नव्हतं. तरी तो थरथरत होता आणि भिंतीत भुंगा अडकावा तसा घूं घूं आवाज काढत होता. खाली पांढरी शाल पांघरून, डोळे अर्धे मिटून तरंगबाबा उभे होते.

"ऐकलंत ना लेकरांनो? याला आवाज म्हणू नका, हे तरंग आहेत! विश्वाची कंपनं! रोगाची फ्रिक्वेन्सी खालची, आपली वरची. वरची आली की खालची आपोआप निघून जाते."

"कुठे जाते?" मागून एक बारीक आवाज आला.

"खाली जाते, माते."

"खाली म्हणजे दुसऱ्या मजल्यावर? तिथे माझी मैत्रीण राहते."

दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. बाबांनी एक डोळा उघडून पाहिलं. बोलणारी मुलगी पलीकडच्याच खोलीतली होती. तिला सगळं वसतिगृह 'कुरकुर' म्हणायचं. आमटीत पाणी जास्त, पंखा कुईकुई करतो, नळ गळतो, आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे खोलीत वारा येतो. पूर्वेला खेळाचं मैदान होतं. चेंडू लागून लागून खोल्यांच्या आणि बोळाच्या दोन्ही टोकांच्या निम्म्याअधिक काचा फुटल्या होत्या, आणि कॉलेजने त्या बसवणं केव्हाच सोडून दिलं होतं. कुरकुर दिवसाही ब्लँकेट पांघरून अभ्यास करायची आणि दिसेल त्याला फुटकी खिडकी दाखवायची.

गर्दीच्या कडेला रेक्टरबाई उभ्या होत्या. सकाळी कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवत, उरलेला वेळ या वसतिगृहाच्या मुली सांभाळत. 'तरंग' शब्दाचा असा खुर्दा होताना पाहून त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

साथ आली तेव्हा कॉलेजने एका फटक्यात फर्मान काढलं होतं, संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करा. ज्यांना जाता आलं त्या गेल्या. चाळीसेक मुली उरल्या. कुणाच्या गावची गाडी बंद झाली होती, कुणाच्या घरीच आजारी माणूस होतं. कुरकुरची आई इस्पितळात नर्स होती, घर एका खोलीचं, त्यात म्हातारे आजोबा. आईने बाईंना फोन केला होता. "बाई, मी रोज आजाऱ्यांतून घरी येते. पोरगी आधीच छातीने नाजूक. तिला तुमच्या ओटीत घालते आहे. तिथे आहे म्हणून मला झोप तरी लागते." बाईंनी तेव्हा मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, "काळजी करू नका."

नंतर उत्तर विंगेत एक मुलगी तापाने फणफणली, मग दक्षिणेत दोघी, मग रोजच कुणी ना कुणी. पूर्व विंगेत मात्र साधी शिंकसुद्धा नाही. बाईंनी प्राचार्यांना हे फोनवर सांगितलं. दोन दिवसांत तरंगबाबा हजर झाले. हे प्राचार्यांच्या साडूंचे गुरू. पूर्वी त्यांचं पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं, आता माणसं दुरुस्त करत होते. हातात मनगटाएवढी जाड तांब्याची दांडी धरून, डोळे मिटून ते सगळ्या विंगांतून फिरले आणि बरोबर पूर्व विंगेत येऊन दांडी थरथरवत उभे राहिले. "इथे! इथे रोगाला थारा नाही! इथे तरंग आहेत!"

कुणी न सांगता यांना कळलं तरी कसं, म्हणून मुलींनी तोंडात बोटं घातली. पत्रा टांगला गेला, तो गुणगुणला, आणि मग विचारायलाच नको.

बाई स्टाफरूममध्ये पोटभर हसल्या. "तांब्याचा पत्रा रोग अडवतो म्हणे! मग वायरमन कधी आजारी पडायलाच नकोत." पण हसून त्या थांबल्या. पत्र्याने काही होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग या विंगेत कुणी आजारी का पडत नाही, हा त्याच्या पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही.

तो प्रश्न प्राचार्यांनी विचारला, पण वेगळ्याच हेतूने.

"बाई, सगळ्या मुली पूर्व विंगेत हलवा. एका खोलीत चार-चार. बाकीच्या विंगांना कुलूप."

"सर, या दिवसांत मुली लांब लांब ठेवायला हव्यात. खोल्या रिकाम्या पडल्यात, एकेकीला एकेक देऊ."

"आणि झाडायला माणसं कुठून आणू? पहारा कोण देणार? एक विंग सांभाळायची म्हणजे सुटसुटीत." प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. "बरं, मला एवढंच सांगा, पूर्व विंगेत आजवर एक तरी मुलगी आजारी पडली का?"

"नाही."

"का नाही?"

पत्र्यामुळे नाही एवढंच बाई सांगू शकत होत्या, आणि तेवढ्यावर प्राचार्यांशी भांडता येत नव्हतं. त्यांनी मान डोलावली. त्याच दुपारी गाद्या, बादल्या, पुस्तकांचे गठ्ठे पूर्व विंगेचा जिना चढू लागले.

बाबांनी आणखी एक शोध लावला. फुटक्या खिडक्यांकडे बोट दाखवून ते कळवळून म्हणाले, "अरे, तरंग सांडतायत! भोकं पडलेल्या हंड्यात पाणी राहील का? काचा बसवा!"

ज्या काचांसाठी कुरकुरने दोन वर्षं कॉलेजचं डोकं खाल्लं होतं, त्या एका दुपारात बसल्या. बाकीच्या विंगांतल्या खिडक्या रंगाचे थर बसून केव्हाच्याच चिकटल्या होत्या. इथल्याही चौकटी तशाच होत्या, फक्त काचा नव्हत्या म्हणून कुणाला ते जाणवलं नव्हतं. आता बोळाची दोन्ही टोकं बंद झाली आणि खोल्याही बंद झाल्या. कुरकुरने ब्लँकेटची घडी घातली. "बाई, कसं उबदार वाटतंय! बाबांनी एवढं मात्र चांगलं केलं," ती म्हणाली. तिच्या तोंडून चांगला शब्द ऐकून बाईंनाही बरं वाटलं.

त्या दिवसापासून पत्रा गप्प झाला.

मुली हवालदिल झाल्या. बाबा मात्र जराही डगमगले नाहीत. "कुणाच्या तरी मनात शंका आहे," ते म्हणाले आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं. "शंका म्हणजे तरंगांची वैरीण." आठवडा उलटायच्या आत चौघींच्या एका खोलीत तिघी आजारी पडल्या, मग समोरच्या खोलीत, मग शेजारी. मुली बाईंकडे पाहून कुजबुजू लागल्या. कुरकुरला धाप लागली तेव्हा तिला खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवावं लागलं. रुग्णवाहिकेत चढताना ती एकदाही कुरकुरली नाही.

रात्री तिच्या आईचा फोन आला. ओरडेल, शिव्या देईल असं बाईंना वाटलं होतं. त्या माउलीने फक्त विचारलं, "बाई, तिच्याबरोबर स्वेटर दिलात ना?" बाईंना रडू आवरेना. स्वेटर द्यायचा राहिला होता.

चार दिवसांनी कुरकुरचा फोन आला. दोन शब्द बोलायची, थांबायची, परत बोलायची.

"बाई, इथे... सगळ्या खिडक्या... सताड उघड्या. मी तक्रार केली."

"मग?"

"इथली नर्स म्हणाली... बंद खोलीत एकीचा श्वास... दुसरीच्या छातीत जातो. वारा हवाच." ती थांबली. "अगदी आपल्या विंगेसारखा वारा आहे, बाई. आधीच्या."

"आधीच्या म्हणजे?"

"काचा बसवायच्या... आधीच्या."

बाईंनी फोन ठेवला आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. त्या तशाच तिसऱ्या मजल्यावर गेल्या. पत्रा मुकाट लटकत होता. बाईंनी पायातली चप्पल काढली, खुर्चीवर चढल्या आणि हातातल्या वर्तमानपत्राने त्याला जोरात वारा घातला.

पत्रा गुणगुणला.

त्या खुर्चीवरच बसून राहिल्या. पत्र्याला वारा घालून पाहायला पदार्थविज्ञानाच्या बाईला इतके दिवस लागले होते, आणि तेवढ्या दिवसांची किंमत एक पोरगी इस्पितळात एकेका श्वासाने मोजत होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पत्र्याची शुद्धी होती. बाबांच्या आज्ञेवरून उरलेल्या सगळ्या मुली बोळात दाटीवाटीने बसल्या होत्या. प्राचार्य खुर्चीवर होते, शेजारी त्यांचे साडू. बाबांनी धुपाटणं पेटवलं. धूर वर गेला, छताला लागला, खाली उतरला आणि तिथेच घोटाळत राहिला. पुढच्या मुली खोकू लागल्या, मग मागच्या.

"खोकू द्या, खोकू द्या! आतला दोष बाहेर पडतोय!" बाबा गरजले.

"बाबा," रेक्टरबाई उठून उभ्या राहिल्या, "बाहेर म्हणजे कुठे पडतोय? दरवाजा दाखवा ना त्याला."

बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. बाई मुलींकडे वळल्या. "पोरींनो, या धुराकडे नीट पाहा. हा दिसतो म्हणून आपल्याला कळतं की तो आत कोंडलाय. आपला श्वासही असाच कोंडतो, फक्त दिसत नाही. एकीच्या छातीतला दुसरीच्या छातीत. इतके दिवस आपण इथे हेच करतोय."

"बाई, खाली बसा," प्राचार्य म्हणाले.

"बसते सर. आधी एक सांगा. पूर्व विंगेत कुणी आजारी नाही, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही ते कुणाला सांगितलंत?"

प्राचार्यांनी साडूंकडे पाहिलं. साडूंनी चपलेकडे पाहिलं. "घरी जेवताना विषय निघाला असेल," प्राचार्य पुटपुटले. "त्यात काय एवढं?"

मुलींमध्ये चुळबुळ झाली. बाबांची दांडी कुणाच्या सांगण्यावरून थरथरली होती, ते त्यांना आता कळलं.

"बाबा, ती दांडी जरा देता?" बाबा हो-नाही म्हणायच्या आत बाईंनी त्यांच्या हातातून दांडी घेतली, बोळाच्या टोकाला गेल्या आणि तोंडावर पदर धरून खिडकीवर हाणली. खळ्ळकन काच फुटली. कुणीतरी किंचाळलं.

"अहो बाई! नुकत्याच बसवल्यात!" प्राचार्य उठले.

"म्हणूनच फोडते आहे." बाई दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथली काच फोडली. मग त्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग छताखालचा धूर हलला. आधी धागा सुटावा तसा, मग सगळाच्या सगळा, मुलींच्या डोक्यांवरून वाहत मैदानाच्या बाजूने बाहेर पडला. थंड वाऱ्याने ओढण्या फडफडल्या. आणि मधोमध टांगलेला पत्रा थरथरला, घूं घूं करू लागला.

"बाबा, तुमचं तर पंख्यांचं दुकान होतं," बाई म्हणाल्या. "वारा लागला की पत्रा वाजतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाबांनी शाल सावरली. "तरंगांचं ज्ञान सगळ्यांना नसतं, माते," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"मला आहे. मी तेच शिकवते." बाई पत्र्याखाली येऊन उभ्या राहिल्या. "पोरींनो, हा पत्रा टांगायच्या आधीपासून ही विंग ठणठणीत होती. का? कॉलेजने काचा बसवल्या नव्हत्या म्हणून. आपण ज्याच्या नावाने रडत होतो, तो वारा आपल्याला वाचवत होता. आपण तो बंद केला, आणि वर सगळ्यांना एका जागी कोंबलं. यात दैवी काही नाही आणि शापही नाही. चूक आहे, आणि त्यात मीही सामील आहे. हे थोतांड आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण नुसतं 'मानत नाही' म्हणून हसणं सोपं असतं. मग खरं कारण काय, ते शोधायला हवं होतं. मी शोधलं नाही."

पत्र्याचा आवाज वाढला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीचे हात सवयीने जोडले गेले.

"हात सोड गं," बाई म्हणाल्या. "स्वेटर घाल."

त्याच संध्याकाळी बाईंनी सगळ्या विंगांची कुलपं उघडली. कुणाची परवानगी, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा "मागाहून घेते" म्हणाल्या. मुलींनी सुऱ्या आणि चमचे घेऊन चौकटींवरचा रंग खरवडला, खिडक्या ढकलून उघडल्या आणि एका खोलीत एकेक जण राहू लागली. त्यानंतरही एक-दोघी आजारी पडल्या, पण खोल्याच्या खोल्या एकदम आजारी पडणं थांबलं. तरंगबाबा निघून गेले. दुसऱ्या एका कॉलेजात त्यांनी आता घंटा टांगली आहे म्हणे. प्राचार्यांनी चूक कबूल केली नाही, काचांचा खर्च मात्र बाईंच्या पगारातून कापा असं सांगितलं.

कुरकुर परतली ती अर्धी होऊन. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला बसावं लागलं. पूर्वी हाच जिना ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत चढायची. बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल. किती, ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

वर पोचल्यावर तिला पत्रा दिसला. तो मुलींनी काढला नव्हता. त्याच्याखाली भिंतीवर खडूने लिहिलं होतं : वाजतोय तोवर हवा खेळती आहे. गप्प झाला तर खिडकी उघडा. नमस्कार करू नये.

तिने ते वाचलं, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि धाप टाकत म्हणाली, "बाई, फार गार वारा येतो हो इथे."

किती दिवसांनी ती कुरकुरली होती. बाईंनी डोळे पुसले आणि समोरची खिडकी आणखी उघडली.