देवघरात बसलेला डॉलर

सांगा मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा? नाण्यावर छापलेल्या नावावर, आतल्या चांदीवर, की ते हातात घेणाऱ्या माणसावर? मी एक चांदीचा डॉलर. परवाच कराडला भट्टीत जाता जाता राहिलो, म्हणून विचारतो.

जन्म मुंबईच्या टांकसाळीतला, १८९९ चा. पण मुंबईत माझ्या बदल्यात कुणी सुपारीचं खांडही दिलं नसतं. तिथं रुपया चालायचा. मला घडवलंच सिंगापूरकडच्या व्यापारासाठी. बंदर इंग्रजांचं, मालावर जकात नाही, त्यामुळे गल्ल्यात देशोदेशीची नाणी. माझ्या एका बाजूला त्रिशूळ-ढाल घेतलेली बाई आहे, इंग्रजांची ब्रिटानिया. चिनी व्यापारी तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. मला वाजवायचे, तोलायचे आणि खात्री पटली की आपला बारीक ठसा मारायचे. असे सात ठसे माझ्या अंगावर आहेत. इतके जामीनदार बँकसुद्धा मागत नाही.

दुखणं एकच. मी चांदीचा आणि विलायतेचा पौंड सोन्याचा. एक कापडवाला पौंडात गठ्ठे मागवायचा. माल वाटेत असताना चांदी घसरली की बिचाऱ्याला जास्त डॉलर मोजावे लागत. शेजारच्या मिरीवाल्याला विलायतेहून मालाचे पौंड यायचे, त्याला त्याच दिवशी जास्त डॉलर मिळत. दोघं एकाच ओट्यावर बसत, पण एकाच दिवशी हसलेले मी कधी पाहिले नाहीत.

शेवटी सरकारनं तिथला वेगळा डॉलर काढला, पुढं तो सोन्याशी बांधला आणि आम्हाला चलनातून हाकललं. चांदी तेवढीच, पण काल डॉलर होतो, आज मोड.

त्या मोडीच्या भावात मला तिथल्या पलटणीतल्या नाथाजीनं घेतलं. गडी वडूजचा. घरी येऊन त्यानं मला आईच्या, बनुबाईंच्या, हातावर ठेवलं. त्यांनी त्रिशूळ पाहिला आणि मला कपाळाला लावलं.

"देवीचा टाक आणलास व्हय रं?"

बंदुकीला न भ्यालेल्या नाथाजीनं आईपुढं होय म्हणून मान हलवली. झालं! देवघरात चांदीच्या बाकी टाकांशेजारी ब्रिटानिया बसली आणि शंभरावर वर्षं हळदकुंकू लावून घेत पुरणपोळी खात राहिली.

परवा त्या घरची सून अंजना आम्हा सगळ्यांना घेऊन कराडला याकूबभाईंच्या चांदीच्या दुकानात आली. धाकटा दीर वेगळा राहणार, त्याच्याही देवघराला टाक हवेत. झिजलेले जुने आटवून दोन जोड करायचे होते आणि चांदी कमी पडत होती.

याकूबभाईंनी मला भिंगाखाली धरलं. "वहिनी, ही देवी न्हाई."

"मग कोण हाय?"

"इंग्रजांची बाई. सिंगापूरकडचा डॉलर हाय ह्यो."

"आवं, दर नवरात्रात मी हिच्यासाठी उपास धरलाय."

"फळ मिळालं का?"

"मिळालं की. म्हणून तर कवा शंका आली न्हाई." अंजनानं पदर खोचला. "देवी न्हाई म्हणताय, तर भाव सांगा."

माझा जीव टांगणीला. भट्टी पेटलेली होती. शिवाय नुसत्या चांदीचा भाव सांगून त्यांनी मला स्वतःकडे दाबून ठेवलं असतं, तरी तिला काय कळणार होतं?

याकूबभाई म्हणाले, "आटवला तर चांदीचं पैसं. सांगलीचे लालासाहेब जुनी नाणी जमवतात, ते दुप्पट देतील. माझी दलाली शंभराला पाच. उरलेल्यात तुमचे दोन्ही जोड हुत्यात."

"तीन."

"चार, वर चहा माझा."

"चहा नको. तीनच."

"साडेतीन. इंग्रजसुदिक एवढा ओढत नसंल."

साडेतीनवर जमलं. पावतीवर त्यांनी लिहिलं आणि अंजनाला वाचूनही दाखवलं: 'चांदीचा डॉलर, नग एक. अंजनाबाईंचा, विक्रीसाठी.' सिंगापूर सुटल्यापासून कुणी मला माझ्या नावानं कागदावर घेतलं नव्हतं.

आता मी दुकानातल्या काचेआड लालासाहेबांची वाट बघतोय. पुरणपोळी बंद झाली, तिची तेवढी आठवण येते. मंडळी, याकूबभाईंच्या खऱ्या बोलण्यानं आणि त्या एका ओळीनं मला भट्टीतून आणि अंजनाला तोट्यातून वाचवलं. तुमच्याही वहीत जी वस्तू ज्याची असेल, ज्या भावाची असेल, ती तशीच लिहा. समोरच्याला वाचता येत नसेल तर जरा मोठ्यानं वाचूनही दाखवा.