आधी पडदा, मग बुबुळ

"भिंत पांढरी करायला गेलो मॅडम, आणि डोळाच पांढरा करून आलो," रंगारी म्हणाला. त्याची बायको हसली नाही. चुन्याने एक डोळा कायमचा गेला होता. दुसऱ्याचं बुबुळ दुधी काचेसारखं झालं होतं, आणि सोनोग्राफीत त्यामागचा पडदा वरच्या बाजूने सुटलेला दिसत होता.

बुबुळ बसवणारे आमचे डॉक्टर स्पष्टच बोलले होते, "पडदा जागेवर आला तरच नवीन बुबुळ देईन. रांग मोठी आहे."

"बुबुळातून आतलं दिसत नाही, मग तुम्ही बघणार कुठून?" बायकोने विचारलं.

"बाजूने. सुईएवढी दुर्बीण आत घालायची आणि टीव्हीवर बघायचं. काळजी करू नका, माझा हात चांगला आहे."

खोटा विनय मला जमत नाही. पेशंटला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

या ऑपरेशनमध्ये माझा खरा शत्रू म्हणजे माझी मान. सगळी उमर मायक्रोस्कोपवर वाकण्यात गेली. तो बाजूला सारला तरी मान सवयीने खाली जाते, तिच्याबरोबर मनगट वळतं आणि टीव्हीवरचं चित्रच फिरतं. म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं काम मी सिस्टरला नेमून दिलंय.

रंगाऱ्याचा पडदा जवळजवळ बसला होता, शेवटची घडी तेवढी उरली होती. उत्साहात मी झुकले.

"मान," सिस्टर म्हणाली.

हात जागीच थांबला. चित्र आडवं झालं होतं. तशीच पुढे गेले असते तर पडदा फाटला असता. दुर्बीण बाहेर काढली, छापील कागदावर धरून टीव्हीवरची अक्षरं सरळ केली आणि पुन्हा आत गेले. घडी अलगद उलगडली.

"आज चहा माझ्याकडून," मी म्हटलं.

"रोजच असतो," सिस्टर म्हणाली.

पट्टी सुटली तेव्हा बुबुळ होतं तसंच पांढरं होतं. बायकोचा चेहरा उतरला.

"चेहरे आत्ताच दिसणार नाहीत. उजेड कुठून येतो एवढंच त्याने सांगायचं," मी म्हटलं आणि टॉर्च तिच्याच हातात दिला. डोळ्यात वरचा पडदा खालचा उजेड पकडतो. ऑपरेशनआधी तो त्याला अजिबात कळत नव्हता.

तिने टॉर्च वर धरला. "वरून." बाजूला धरला. "डावीकडून." मग तो खाली नेला.

रंगाऱ्याने डोळा किलकिला केला.

"खालून," तो म्हणाला. "आणि धरलाय तू. उजेड थरथरतोय."

मी तिथूनच बुबुळाच्या डॉक्टरांना फोन लावला. "याचं नाव रांगेत घाला," मी म्हटलं, आणि मान वर करून दोघांकडे बघत राहिले.