गव्हासारखी ठेवलेली गाडी

"सत्यवती, गाडी उभी ठेवायची असन, तर कोठीतल्या गव्हासारखी ठेवजो. उंदीर नाही शिरला पायजे, किडा नाही लागला पायजे."

नवऱ्याचा, ताराचंदांचा हा शब्द सत्यवतीबाईंनी व्रतासारखा पाळला होता. खापरखेड्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ताराचंदांनी एक जुनी डिझेल मिनीबस घेतली, तिच्यात पलंग बसवला, शेगडी बसवली, खिडक्यांना पडदे लावले. कारण थोरली बहीण प्रेमिला. कमरेचं हाड मोडल्यापासून तिला फार वेळ बसवत नसे. "ताई, तुले झोपल्या झोपल्या भिवापूरले नेतो, बापाच्या वावरातली लाल मिरची दाखवतो," असं कबूल केलं आणि ते अचानक गेले. तेव्हापासून गाडी नागपूरच्या घरामागं शेडात उभी. यंदा सत्यवतीबाईंनी तो शब्द आपल्या अंगावर घेतला आणि ताई वावर पाहीपर्यंत चहातली साखर सोडली.

आता तिकडे भिवापूरला मिरचीचा शेवटचा तोडा चालू होता. दोन दिवसांत झाडं उपटली जाणार होती. आणि गाडी काही सुरू होईना.

ताराचंदांचे दोस्त चंद्रभान मिस्त्री सकाळपासून इंजिनात डोकं घालून होते. बॅटरी रात्रीच चार्ज केलेली. तिच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडून झाली. टाकीतलं शिळं डिझेल काढून ताजं भरलं, डिझेलचा फिल्टर बदलला, हातपंप दाबून दाबून नळीतली हवा काढली. चावी फिरवली की इंजिन घरघरे, काळा धूर ओके आणि गप्प बसे.

"चंद्रभान," अंगणातल्या खाटेवरून प्रेमिलाताई म्हणाल्या, "तुह्यानं होत नसन, तर मले खाटेसकट ढकलत ने गा."

"ताई, तुमाले ढकलाले चार माणसं लागतीन. त्यापेक्षा इंजिन बरं."

सत्यवतीबाई हसल्या, पण नजर इंजिनावरच होती. तुळशीला पाणी घालताना त्यांनी आज फक्त एवढंच मागितलं होतं, गाडी सुरू होऊ दे.

"डिझेल तं बराबर येऊन राहिलं," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "काळा धूर म्हंजे हिले हवा कमी पडून राहिली, वहिनी. श्वास कोंडला."

"हवा कुठून घेते हो ही?" सत्यवतीबाईंनी हळूच विचारलं.

"ह्या डब्यातून."

मिस्त्रींनी एका काळ्या डब्यावर बोट ठेवलं. सत्यवतीबाईंचा चेहरा उतरला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यात मी कडुनिंबाचा पाला भरला होता."

मिस्त्रींनी झाकण उघडलं. आत वाळलेला पाला ठासून भरलेला, वर कोठीत ठेवतात तशी हळकुंडाची पुरचुंडी.

"काहून वं?" प्रेमिलाताईंनी मान उंचावली.

"हेच म्हणत होते, गव्हासारखी ठेवजो. गव्हात नाही का आपण पाला घालत?"

प्रेमिलाताई इतक्या हसल्या की कंबर धरून 'आई गं' म्हणत पुन्हा हसल्या. "ताऱ्या असता तं कपाळावर हात मारला असता. आणि मंग साऱ्या मोहल्ल्याले सांगत फिरला असता."

"पण वहिनी," मिस्त्री पाला ओंजळीनं उपसत म्हणाले, "किडा मात्र एक नाही लागला."

डबा झटकला, हवेचा नवा फिल्टर बसवला, चावी फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं, आणि मग असं सुरू झालं की शेडाचे पत्रे थरथरले. चुकून राहिलेली दोन पानं उडून प्रेमिलाताईंच्या खाटेवर पडली.

मिस्त्रींनी ताईंना उचलून गाडीतल्या पलंगावर निजवलं. "आता तरी चहात साखर टाका, वहिनी. गाडी सुरू झाली."

"गाडी सुरू करतो म्हणलं नव्हतं त्यायनं."

सत्यवतीबाईंनी गाडीच्या नाकावर कुंकवाचं बोट टेकवलं, साखरेचा डबा शेगडीच्या बाजूच्या फळीवर ठेवला, ताईंच्या उशाशी बसून खिडकीचा पडदा बाजूला केला. मग दार हळूच ओढून घेत म्हणाल्या, "भाऊजी, भिवापूर."