यादीतलं नाव

मित्रांनो, मी एक जुना वायफाय अ‍ॅडॉप्टर आहे. बोटाच्या पेराएवढा, काळा, डोक्यावर हिरवा दिवा. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पण म्हापशाच्या एका दुकानातून देवकीने मला डिचोलीला आणलं, एवढं पक्कं. बंद पडलेल्या एका खाणीच्या कचेरीत ती एकटीच कारकून होती. तिच्या लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय बिघडलं होतं. तिने माझा ड्रायव्हर, म्हणजे मला चालवणारं सॉफ्टवेअर, बसवला आणि मी हवेतली नावं ऐकू लागलो.

तिथे ऐकू येणारं नाव एकच होतं, 'रघुनाथ'. तो खाणीचा वयस्कर राखणदार. कचेरीचं इंटरनेट बंद झाल्यापासून तो आपल्या फोनचं हॉटस्पॉट देवकीसाठी चालू ठेवी. 'आपोआप जोडा' या चौकटीत तिने खूण केली होती. तो फाटकाशी आला की मी लगेच जोडला जाई.

"ह्या इवल्याशान म्हजी कचेरी चलता," देवकी म्हणे. मला धन्य वाटे.

चतुर्थीला तीन दिवस असताना रघुनाथ धारगळला घरी जायला निघाला. जाता जाता खाणीच्या खड्ड्याकडचा पंप बघून जातो, म्हणाला.

दोन दिवसांनी भर दुपारी लॅपटॉपवरच्या नेटवर्कच्या यादीत त्याचं नाव उमटलं. सिग्नलची एकच रेघ, तीही थरथरती.

"गांवाक गेल्लो न्हय हो?" देवकी पुटपुटली. तिने फोन लावला. तो लागेना. मग तिला माझाच संशय आला. तिने मला बंद करून पुन्हा चालू केलं, वीज वाचवण्याची सेटिंग काढली. नाव हललं नाही. शेवटी 'हे नेटवर्क विसरा' यावर तिने बाण नेला. तिथेच तिचं बोट थबकलं. तिने रघुनाथच्या बायकोला, यशोदेला फोन केला.

"आयले खंय?" यशोदा म्हणाली. "तांकां रजाच मेळूंक ना, अशें आमकां दिसलें."

लॅपटॉप छातीशी धरून देवकी बाहेर पडली. फाटकाकडे वळली, तर नाव पुसट झालं. खड्ड्याच्या वाटेला लागली, तशी दुसरी रेघ उमटली, मग तिसरी. एकही पाखरू बोलत नव्हतं. खाली साचलेलं हिरवं पाणी आरशासारखं निश्चल. पंपाच्या खोलीपाशी सगळ्या रेघा भरल्या.

खोलीची एक भिंत कोसळली होती. चिऱ्यांखालून आवाज आला, "बाय... उदक..."

देवकीच्या आरोळीने जवळच्या वस्तीतले लोक धावले. रघुनाथचा पाय मोडला होता, जीव वाचला.

आठवड्याने ती इस्पितळात त्याला भेटायला गेली. मी तिच्या पर्समध्ये होतो.

"तुमी हॉटस्पॉट चालू दवरलो, तें बरें केलें," ती म्हणाली.

रघुनाथ तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने उशीखालून एक पुडी काढली. तिच्यात फोनचे तुकडे होते.

"पयलो चिरो हाचेरच पडलो, बाय. त्याच घडयेक."

देवकीने हिशेब केला: भिंत कोसळली त्याच घटकेला फोन फुटला होता, आणि यादीत नाव उमटलं ते दोन दिवसांनी.

आता कचेरीत नवं इंटरनेट आलं आहे आणि मी खणात पडून असतो. त्या दुपारी मी कोणाची हाक ऐकली, मला आजही ठाऊक नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू हव्या तर टाकून द्या. पण यादीत कुणाचं क्षीण नाव दिसलं, तर 'विसरा' म्हणण्याआधी त्या माणसाची एकदा चौकशी करा.