मोज्यांनाही तोच आजार

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. औषधांच्या दुकानावरच्या त्या मजल्यावर सकाळपासून बाया-बापे खेटून बसले होते, आणि गंमत अशी की तिथे कुणालाच काही झालेलं नव्हतं. एकीचे म्हणे गुडघे धरले होते. एक गृहस्थ मेहुण्यासाठी चौकशी करायला आले होते. खरा आजार सगळ्यांचा एकच. नाव घ्यायची चोरी अशा जागची कातडी पांढरी पडते, कागदासारखी पातळ होते, तडकते, आणि खाज झोपू देत नाही. बायकांना होतो, पुरुषांनाही होतो, आणि दोघंही तोंड शिवून बसतात.

टकळी आत्याला चिकटून बसली होती. शाळा सुटल्यावर गणवेशातच आलेली. घरच्यांनी हे नाव उगाच पाडलं नव्हतं, पण आज आत्याने तिला गप्प बसायची शपथ घातली होती. आत्याची लॉन्ड्री होती. कोपऱ्यात वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेला माणूस टकळीने चपलांवरून ओळखला: आत्याच्याच लॉन्ड्रीतले इस्त्रीवाले काका. दाढ काढायला म्हणून सुट्टी घेतलेले.

या मजल्यावरच्या महापुरुषाला लोक नवकातडीवाले म्हणत. ते औषध देत नसत. "आम्ही कातडीला तिच्या बालपणाची आठवण करून देतो, ताई," असं ते मधाळ आवाजात सांगत. रोग्याचं रक्त काढायचं, यंत्रात गरगरा फिरवायचं, वर जे सोनेरी पाणी तरंगतं त्यात म्हणे नवजात पेशी, आणि त्यांच्या सुया टोचल्या की जुनाट रोग मुळासकट गायब. पण लोक सोनेरी पाण्याला भुलले नव्हते. भुलले होते ते एका गोष्टीला: इथे कुणी कपडे काढायला सांगत नसे. शरीराची कातडी एकच, तिथलं दुखणं हातावर दिसतं, असं हे नवकातडीवाले महाराज म्हणत आणि नुसता हात पुढे करायला लावत. लाज हेच या धंद्याचं भांडवल.

आत्याही त्यालाच भुलली. सरकारी दवाखान्यातल्या बाई तपासायच्या म्हणजे खरोखर तपासायच्या, पडदा ओढून, दिवा लावून. त्यांच्या मलमाने आत्याची खाज निम्म्याहून कमी झाली होती. पण नवकातडीवाल्यांनी सांगितलं, मलम विष आहे, आणि आत्याने नळी कचऱ्यात टाकली. तेव्हापासून तिला पुन्हा नीट बसवत नव्हतं. आज पहिल्या सुया होत्या.

आतल्या खोलीत मिट्ट काळोख. आत जाण्याआधी प्रत्येकाने अंगावर तपकिरी झगा चढवायचा, हा इथला नियम. स्वतः महाराज आणि त्यांची मदतनीस यांचेही झगे तपकिरी. आत्या आणि टकळीबरोबर आणखी पाचसात जण आत घेतले, कारण चमत्काराला प्रेक्षक लागतात. महाराजांनी एका बाटलीतलं पाणी कापसावर घेऊन आत्याचा हात पुसला आणि निळा दिवा लावला. हात भुतासारखा पांढरानिळा उजळला. लोकांच्या तोंडून हाय निघाली.

"ही सगळी मेलेली कातडी," महाराज म्हणाले.

मग सुयांआधीची चुणूक म्हणून सोनेरी थेंब चोळले, दुसऱ्या बाटलीतल्या पाण्याने हात पुसला, पुन्हा दिवा. हात स्वच्छ, काळोखात मिसळून गेलेला. गुडघेवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

टकळीला मात्र वर बघायला वेळ नव्हता. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. झगा घोट्यापर्यंत होता आणि त्याखाली तिचे शाळेचे मोजे लखलखत होते, आत्याच्या हातापेक्षाही झकास. आत्याच्याच लॉन्ड्रीत कालच धुतलेले पांढरेशुभ्र मोजे.

शपथ गेली खड्ड्यात.

"महाराज, माझ्या मोज्यांनाही तोच आजार झालाय का?"

कुणीतरी फिसकन हसलं. या पोरीला बाहेर न्या, असं महाराज मदतनीसाला म्हणाले. पण आत्याने मोज्यांकडे पाहिलं, मग महाराजांच्या झग्याकडे. अख्खं आयुष्य तिने डॉक्टरांचे पांढरे कोट धुतले होते. हा एकच डॉक्टर तिला पांढऱ्यात कधी दिसला नव्हता. कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून साबणाच्या पुडीत एक द्रव्य असतं, ते निळ्या दिव्याखाली चमकतं; म्हणूनच इथे सगळ्यांना तपकिरी झगे. रंगीबेरंगी दिव्यांच्या मांडवात धुतलेले शर्ट कसे पेटतात, हे तिने लग्नसमारंभांत पाहिलेलं होतं, फक्त इथे आठवलं नव्हतं. भीतीपुढे स्वतःचा धंदासुद्धा विसरायला होतो.

तिने पहिली बाटली उचलली, कापूस भिजवला आणि महाराजांना कळायच्या आत त्यांच्या कपाळावरून फिरवला. दिवा अजून चालूच होता. काळोखात नुसतं कपाळ लखलखू लागलं.

"अरेरे," आत्या म्हणाली, "तुम्हाला तर डोक्यात झालाय."

पहिल्या कापसाने साबणाच्या पुडीचं पाणी लागायचं, दुसऱ्याने ते पुसलं जायचं. चमत्कार एवढाच. खोलीत जी झुंबड उडाली तिच्यात महाराज मागच्या दाराने कपाळासकट पसार झाले.

दुसऱ्याच दिवशी आत्या दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की हा रोग अस्वच्छतेने होत नाही, कुणाकडून लागत नाही, मुळासकट जातोही असं नाही, पण मलम नेमाने लावलं आणि अधूनमधून तपासून घेतलं तर ताब्यात राहतो. दुर्लक्ष केलं तर मात्र कातडी आक्रसते, क्वचित गाठही धरते. रक्तातल्या पेशींच्या सुयांवर संशोधन चालू आहे, पण आज कुणी बरं करण्याची खात्री देत असेल तर तो खोटं बोलतोय.

लॉन्ड्रीत परतल्यावर आत्याने इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून काकांना विचारलं, "दाढ कशी आहे?"

काकांनी एका कॉलरवरून इस्त्री तीनदा फिरवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या बाई पुरुषांनाही तपासतात का, वहिनी?"

"तपासतात. उद्या जा. सुट्टी खऱ्या कारणासाठी घ्या."

तेव्हा वाचकहो, अंगावरच्या कुठल्याही जागेला लाजू नका. लाजायचं तर न तपासता बरं करणाऱ्याकडे जायला लाजा. आणि कुणी अंधारात नेऊन तुमच्यावर दिवा धरला, तर आधी एवढंच म्हणा: हाच दिवा जरा तुमच्यावर धरू का?