न झालेलं तिसरं लग्न

"एमट, घोड्या काढायला सांग. आत्ताच्या आत्ता."

इडोनियाबाईंची हाक आली तेव्हा मी बीअर गाळत होते. ओल्या हातांनीच धावले. चाळीस वर्षं झाली, पण त्या सकाळची आठवण निघाली की माझ्या छातीत अजून टापा वाजतात.

इडोनियाबाईंचं पहिलं लग्न बाराव्या वर्षी झालं, साठीच्या फुल्कसाहेबांशी. ते जेवता जेवता गेले. दुसरे वॉरिनसाहेब फ्रान्सच्या लढाईत पडले. दोन्ही वेळा बाईंना कुणी विचारलं नव्हतं. जमीन इंग्लंडच्या राजाने दिलेली, म्हणून विधवेचं लग्नही राजाच्या मर्जीने. आता राजाचा लाडका सरदार ड्रोगो बाईंशी स्वतःच्या लग्नाचं हुकूमपत्र घेऊन निघाला होता. ही बातमी आमच्या कारभाऱ्याने, हेमोने आणली.

सुटकेची एकच वाट होती. बिशपसमोर आजन्म वैधव्याची शपथ घ्यायची, त्यांच्या हातून अंगठी घालून घ्यायची. मग राजालाही लग्न लावता येत नाही. लिंकन शहराचे बिशप जवळच्या मठात उतरले होते, पण दुपारी निघणार होते.

हेमो पुढे, आम्ही दोघी मागे. चिखल तोंडावर उडत होता. मला राहवलं नाही. "बाईसाहेब, आणि हेमो?" आमच्या स्वयंपाकघरात त्या दोघांच्या लग्नावर पैजा लागलेल्या होत्या.

"ड्रोगो धनी झाला तर हेमोला जिवंत ठेवेल का? घोडी हाक."

पोहोचलो तेव्हा बिशपांचा पाय रिकिबीत होता. बाईंनी सरळ त्यांच्या घोड्याचा लगाम धरला.

"बाई, जरा विचार तरी केलात?" बिशप म्हणाले.

"महाराज, दोन लग्नं मला न विचारता झाली. एवढी एक गोष्ट मी विचार करून करतेय."

बिशप हसले, रिकिबीतून पाय काढला आणि आम्हाला मठात घेऊन गेले. शपथ वाचून झाली, बाईंनी स्वतःच्या हाताने कागदावर सही म्हणून क्रूस काढला, अंगठी बोटात गेली, आणि दारात ड्रोगो धापा टाकत उभा राहिला. हुकूमपत्र त्याच्या हातात होतं.

"वाचा की," बाई म्हणाल्या. "एवढ्या लांबून आणलंत."

मठातले साधूसुद्धा तोंड फिरवून हसले. मी तर आनंदाने रडत होते.

बाहेर हेमो घोडी धरून उभा होता. एरवी तो बाईंना दोन्ही हातांनी उचलून खोगिरात बसवायचा. त्या दिवशी त्याने घोडी दगडी ओट्याला लावली आणि दोन पावलं मागे सरला. बाई ओट्यावर चढल्या, झगा सावरला आणि एकट्याच खोगिरात बसल्या.