राळेखाली पुरलेला स्क्रू

मी एक जुने सर्किट आहे, मित्रांनो, आणि संतापलेले आहे. कारण ऐका, मग निवाडा तुम्हीच करा.

माझा जन्म एका रेडिओ केंद्रासाठी झाला. तेथला अॅम्प्लिफायर लहरींना बळ देई. पण ताण वाढला की त्यांचा आकार बिघडवी. आत गेलेली आणि बाहेर आलेली लहर मी ताडून पाही, बिघाड तेवढा वेगळा काढी आणि उलटा करून पुन्हा मिसळी. बिघाडाने बिघाड कापला जाई. श्रोत्यांना माझा पत्ता कधी लागला नाही, हीच माझ्या कामाची पावती.

यंत्र मोडीत निघाले, तेव्हा केंद्रातल्या अभियंता बाईंनी मला घरी आणले. त्यांच्या भाचीचा उजवा हात मोडून जुळलेला. तिला गिटार हलक्या हातानेच वाजवता येई. सूर ऐकू यावेत म्हणून पायाने दाबायच्या पेडलने आवाजाचे बळ वाढवले, की ते फाटत. आत्याने मला त्या पेडलच्या डबीत बसवले. गिटारच्या लहरी रेडिओच्या मानाने फार संथ, म्हणून माझे बहुतेक भाग तिने बदलले. उलटा बिघाड किती मिसळायचा, हे माझे माप उष्णतेने सरकते. त्यासाठी एक स्क्रू ठेवला, वाजवण्यापूर्वी जागेवरच फिरवून घ्यायचा. सूर स्वच्छ उमटले, तेव्हा पोरगी हसली.

एका वाद्यवृंदाच्या निवडीसाठी तिने वाजवून दाखवायचा दिवस आला. त्याच सकाळी आत्याच्या धाकट्या भावाने, पेडलविक्रेत्या काकांनी, धंद्याच्या रिवाजाप्रमाणे माझ्यावर दगडासारखी घट्ट होणारी काळी राळ ओतली.

"अरे, स्क्रू कुठे गेला?"

"आतच आहे, ताई. आता कुणाच्या बापाला नक्कल करता येणार नाही!"

"आणि आम्ही तो फिरवायचा कसा?"

"एकदा लावलायस ना? सारखा फिरवायला तो काय पंखा आहे?"

दुसरे सर्किट जुळवायला वेळ नव्हता. सभागृहातल्या दिव्यांखाली मी तापले, माप सरकले, आणि बिघाड कापण्याऐवजी मीच तो वाढवू लागले. वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी हात वर केला.

"थांब. बोटं घसरतायत तुझी."

"बोटं नाही हो, पेडल..."

"इथे येणाऱ्या प्रत्येकाचं पेडलच बिघडलेलं असतं!"

लोक हसले. निवड दुसऱ्या कुणाची झाली. काका म्हणाले, "नशीब, दुसरं काय!" नशीब? राळ नशिबाने ओतली नव्हती! जे यंत्र वेळोवेळी हात लावूनच जगते, त्याला हात लागणार नाही असे करणे, याला हे लोक जपणूक म्हणतात. मित्रांनो, तुम्ही तरी म्हणू नका. झाकण जरूर लावा. पण ते उघडणारे असू द्या.

आत्या अजून राळ खरवडते आहे. प्रत्येक कपच्याबरोबर माझाही तुकडा निघतो. त्याचे मला काही नाही. काल पोरगी शेजारी बसून म्हणाली, "राहू दे गं आत्या. माझंच बोट घसरलं असेल."

मला वाचा नाही. तिला कुणीतरी सांगा, बोट घसरले नव्हते.